ग्लासांच्या किणकिणीचं काय करायचं?

साशंक : पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाच्या त्या दोन तबकड्या, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, मीही पुष्कळदा ऐकल्या आहेत. संगीताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्याभोवती जमलेल्या भक्तिभावाबद्दल. जॅझवर लिहिणारा जो तो सांगतो की २५ जून १९६१ या रविवारी न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात काहीतरी अलौकिक घडलं आणि ते जसंच्या तसं टेपवर उतरलं. मला हे ‘जसंच्या तसं’ पटत नाही. त्या दिवशी पाच सत्रं झाली, दोन दुपारी आणि तीन रात्री. बऱ्याच रचना दोनदा वाजल्या, ‘ऑल ऑफ यू’ तर तीनदा. त्या सगळ्यातून पहिल्या एलपीवर सहा तुकडे आले. आणि ते वेचणाऱ्यांच्या मनात काय होतं, हेही ठाऊक आहे. ध्वनिमुद्रणानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. म्हणून निर्माता ओरिन कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी त्याचा बास ज्यात उठून येतो असे तुकडे घेतले. सुरुवातीला त्याचीच रचना ‘ग्लोरियाज स्टेप’, शेवटी त्याचीच ‘जेड व्हिजन्स’. त्या रविवारचा वृत्तान्त म्हणून जे आपण ऐकतो, ती एका मित्राला वाहिलेली श्रद्धांजली आहे. तिचा मी आदर करतो. पण तिला त्या रात्रीचं नाव देऊ नये.

रसिक : निवड झाली, कबूल. श्रद्धांजली होती, हेही कबूल. पण निवड कशातून करायची होती ते पाहा. ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स दोन ट्रॅकचं ॲम्पेक्स यंत्र घेऊन आला होता. दोनच ट्रॅक म्हटल्यावर मागाहून हात घालायला जागाच राहत नाही. पियानो जरा खाली घ्या, बास पुढे आणा, झांजेची धार कमी करा, यातलं काही नंतर करता येत नाही. मायक्रोफोन लावताना जो तोल साधला, तो कायमचा. कीपन्यूजच्या हाती इतकंच उरलं की हा टेक घ्यायचा की तो. एखाद्या टेकच्या पोटात काय घडलं, त्याला तो हात लावू शकत नव्हता.

आणि घडलं ते त्या जागेसकट घडलं. सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरचं १७८ क्रमांकाचं हे तळघर, म्हणजेच व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, मॅक्स गॉर्डननं १९३५ पासून चालवलं. जिना उतरून गेलं की पाचरीच्या आकाराची खोली लागते, व्यासपीठाकडे निमुळती होत गेलेली. छत बुटकं. सव्वाशेच्या आसपास माणसं आली की भरली. अशा खोलीत आवाज घुमत नाही, जवळ राहतो. लाफारोचा बास इतका अंगालगत ऐकू येतो त्यात या खोलीचाही वाटा आहे. दर मात्रेवर एक एक सूर ठेवत चालत राहायचं, हा तोवर बासवादकांचा शिरस्ता. लाफारो तसा चालतच नाही. वाद्याच्या तारा त्यानं खाली आणून ठेवल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटं गिटार वाजवावी तशी आलटून पालटून चालवायचा. ‘ग्लोरियाज स्टेप’मध्ये एव्हान्स वाक्य अर्ध्यावर सोडतो, ते हा उचलतो. कधी वरच्या पट्टीत जाऊन पियानोच्या वाक्यावरच आपलं वाक्य ठेवतो. ड्रमवादक पॉल मोशन ठेका धरून बसत नाही. ब्रशनं या दोघांच्या मधली जागा भरतो आणि मध्येच मोकळी सोडतो. या तिघांनी स्टुडिओत दोन एलपी केल्या होत्या. ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ डिसेंबर १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, ‘एक्स्प्लोरेशन्स’ फेब्रुवारी १९६१ मध्ये. दोन्ही उत्तम आणि आटोपशीर. व्हॅनगार्डमध्ये तेच तिघं पाय पसरून वाजवतात. हा फरक कात्रीतून आलेला नाही.

साशंक : पाय पसरायला जागा मिळाली हे मान्य. पण त्या खोलीत माणसंही होती, आणि ती काय करत होती तेही टेपवर आहे. ग्लास एकमेकांवर आपटतात. गप्पा चालू असतात. कुणीतरी हसतं, आणि तेही अशा जागी की एव्हान्सनं नुकताच एक सूर विरत सोडलेला असतो. संथ चालीच्या तुकड्यांत तर हे लपतच नाही. हाच गोंगाट मामुली तबकडीवर असता तर तुम्ही त्याला खोट म्हटलं असतं. इथे तुम्ही त्याला ‘वातावरण’ म्हणता. संगीत थोर असल्यामुळे तिथली धूळही पवित्र झाली.

वाजवणाऱ्यांना याचा किती जाच होत असेल, याचा दाखला चार्ल्स मिंगसनं देऊन ठेवला आहे. १९६० मध्ये त्यानं ‘चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस’ ही एलपी केली, तीही स्टुडिओत. समोर एकही श्रोता नाही. तरी आपण नाइट क्लबमध्ये आहोत असं धरून तो त्या नसलेल्या श्रोत्यांना दटावतो की टाळ्या आवरा, ग्लासातला बर्फ वाजवू नका, गल्ल्याची घंटी नको. आयुष्य क्लबांत घालवलेल्या माणसाला क्लबमध्ये नेमकं काय नको होतं, त्याची ही यादी आहे. तुमच्या आवडत्या तबकडीवर त्या यादीतलं जवळजवळ सगळं हजर आहे.

आणि या गोंगाटाला बाजारभाव होता, हेही सोडून चालणार नाही. ज्या रिव्हरसाइड कंपनीसाठी कीपन्यूज काम करत होता, तिनं १९५९ मध्ये कॅननबॉल ॲडरलीचं पंचक सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलं होतं आणि ती एलपी धडाक्यात खपली. ‘प्रत्यक्ष क्लबमधून’ हे शब्द मुखपृष्ठावर असले की माल उठतो, हे तेव्हाच कळलं. पुढे १९६६ मध्ये त्याच ॲडरलीची ‘मर्सी, मर्सी, मर्सी!’ कॅपिटॉल कंपनीनं हॉलिवुडमधल्या आपल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. पाहुणे बोलावले, त्यांना दारू पाजली आणि वेष्टनावर छापलं की हे शिकागोच्या ‘द क्लब’मधलं. ऐकणाऱ्याला फरक कळला का? तबकडी तुफान चालली. मग गर्दीचा आवाज हा खरेपणाचा पुरावा कसा मानायचा?

रसिक : ॲडरलीचं उदाहरण तुम्ही काढलंत हे बरं झालं. त्या स्टुडिओतली गर्दी कान देऊन ऐका. ती कमालीची चांगली वागते. जिथे ओरडायला हवं तिथे ओरडते, ठेका रंगात आला की टाळ्यांची साथ धरते. तिला बोलावलंच त्यासाठी होतं. व्हॅनगार्डमधली माणसं असली कुठलीच मदत करत नाहीत. त्यांचं हसू भलत्या ठिकाणी येतं. टाळ्या येतात त्या तुकडा संपल्यावर, विरळ, रीत म्हणून. गर्दीचा आवाज विकण्यासाठी कुणी रचला असता तर असा खचित रचला नसता.

मिंगसला चीड होती आणि ती रास्त होती. पण त्या रविवारी व्यासपीठावर बसलेल्या मोशनचं म्हणणं वेगळं होतं. पुष्कळ वर्षांनी या ध्वनिमुद्रणांबद्दल बोलताना त्यानं सांगितलं की त्यातले ग्लासांचे आणि गप्पांचे आवाजच आपल्याला फार आवडतात. आपण खरं तर रागवायला हवं याची त्याला जाणीव होती, तरी आवडतात म्हणाला. हे मी हलक्यावारी सोडणार नाही. त्या गप्पांवरून ज्याला ब्रश फिरवावा लागला, त्याची ही साक्ष आहे.

मला तर यापुढे जाऊन म्हणायचं आहे की त्या माणसांच्या दुर्लक्षानं या तिघांना मोकळं केलं. सभागृहात दोन हजार माणसं श्वास रोखून बसली की कलावंतावर काहीतरी सिद्ध करण्याचं ओझं येतं. स्टुडिओत काचेपलीकडे निर्माता आणि घड्याळ असतं. इथे कोपऱ्यातल्या टेबलावर कुणी आपल्या नोकरीचं बोलत असेल, कुणी मैत्रिणीची समजूत घालत असेल. त्यांना इतिहास नको होता. म्हणून एव्हान्स इतक्या हळू बोलू शकला. ‘माय फूलिश हार्ट’चा आरंभ आठवा. पियानोचे दोनचार सूर, मग मोशनची झांज अगदी अलगद, आणि लाफारो, जो एरवी धबधब्यासारखा कोसळतो, तो इथे एक एक सूर लांबवर धरून थांबतो. लय इतकी संथ की कुठल्याही क्षणी मोडेल असं वाटतं. एवढी जोखीम माणूस तेव्हाच घेतो, जेव्हा पडलो तर कुणाच्या लक्षात येणार नाही अशी त्याची खात्री असते.

साशंक : आता तुम्ही स्वतःच कोंडीत सापडलात. आपल्याकडे मैफलीबद्दल काय मानलं जातं? श्रोता मैफलीचा भागीदार असतो. समेवर दाद येते, त्या दादेनं गवई आणखी एक जागा घेतो, जागेला पुन्हा दाद मिळते, आणि राग त्या दोघांच्या मधोमध वाढत जातो. खासगी मैफलींच्या जुन्या टेपांवर पुढच्या रांगेतली ‘वाह’ आपल्याला खुपत नाही याचं कारण हेच. ती ‘वाह’ बंदिशीइतकीच त्या गाण्याची असते. तुम्ही व्हॅनगार्डबद्दल नेमकं उलट सांगताय. तिथला श्रोता दाद देत नाही, ऐकत नाही, आणि तो ऐकत नाही हेच तुमच्या मते संगीताला मानवलं. मग क्लब हवा कशाला? हे तिघं एखाद्याच्या घरी तालमीला बसले असते तर तिथे दुर्लक्ष करायलाही कुणी नसतं, म्हणजे मोकळीक त्याहून जास्त. तुमचा मुद्दा खरा धरला तर व्हॅनगार्डमध्ये वाजलेलं संगीत व्हॅनगार्डचं नव्हतंच.

रसिक : या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही, पण तालमीचं मला पटत नाही. तालमीत चुकलं की थांबता येतं. पुन्हा सुरुवात करता येते. क्लबमध्ये पैसे मोजून आलेली माणसं समोर आहेत. ती ऐकत नसली तरी थांबायची सोय नाही. शिवाय बोलणारा माणूस कुठल्याही क्षणी बोलायचा थांबू शकतो. टेबलावरचा एखादा जण ग्लास खाली ठेवून व्यासपीठाकडे बघू लागेल, ही शक्यता खोलीत सतत असते आणि वाजवणाऱ्याला ती पाठीवर जाणवते. भागीदार म्हणता येणार नाही त्याला. साक्षीदारही नाही. पण तो आहे. ‘सम अदर टाइम’मध्ये एव्हान्सचा डावा हात दोनच स्वरसंघ पुन्हा पुन्हा आलटतो, १९५८ च्या ‘पीस पीस’मध्ये होते तेच. त्या दोन स्वरसंघांच्या मध्ये इतकी जागा आहे की खोलीचा आवाज आत येतो. आणि मला तिथे असं जाणवतं की एव्हान्स ती जागा लवकर भरायची घाई करत नाही. खोलीला असू देतो. यात मी माझ्या मनचं घालतोय असं तुम्ही म्हणाल.

साशंक : म्हणणारच. कारण ते तुम्हाला जाणवतं आणि त्या खोलीतल्या एकालाही जाणवलं असेल असं तुम्हीच मानत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही त्या रात्रीचं संगीत म्हणता, ते ऐकणारे तुम्ही आहात, साठ वर्षांनंतर, घरात बसून, आणि पुढे काय झालं ते माहीत असताना. माझा खरा आक्षेप आता कुठे येतोय. ‘जेड व्हिजन्स’ घ्या. दिवसाच्या शेवटी ती लागोपाठ दोनदा वाजली. लाफारो बासवर दोन दोन तारा एकदम छेडत स्वरसंघ धरतो, रचना जवळजवळ जागची हलत नाही. लोक तिला निरोप म्हणून ऐकतात. वाजवणाऱ्यासाठी तो निरोप नव्हता. नव्या रचनेचा एक टेक बरा झाला, दुसरा करून पाहू, इतकं साधं काम होतं ते. त्यानंतर साधारण आठवड्यानं लाफारो न्यूपोर्टच्या महोत्सवात स्टॅन गेट्झबरोबर वाजवत होता. तो पुढे निघाला होता. त्याला थांबवलं आहे आपण, त्या तळघरात, त्या एका रविवारी.

मी विचारतो, तो अपघात झाला नसता तर? हे त्रिकूट आणखी दहा वर्षं वाजत राहिलं असतं, पाचपंचवीस एलपी झाल्या असत्या, आणि व्हॅनगार्डच्या या दोन्हींना त्यात ‘सुरुवातीच्या काळातल्या, ताज्या’ असं म्हटलं गेलं असतं. सूर तेच राहिले असते. फक्त त्यांच्यावर पडलेली सावली नसती. म्हणून मला २००५ मध्ये निघालेला तीन सीडींचा संपूर्ण संच जवळचा वाटतो. पाचही सत्रं, वाजली त्या क्रमानं. ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्याच टेकमध्ये वीज दगा देते आणि ध्वनिमुद्रण मध्येच तुटतं. एलपीवर हे येणं शक्यच नव्हतं. संचात आपण पाहतो तो दुपारच्या अर्ध्यामुर्ध्या गर्दीसमोर कामाला लागलेला एक तरुण वादक. एक रचना रात्री पुन्हा वाजवताना तो दुपारचं काही टाकतो, काही नवं आणतो. त्याला मरण माहीत नाही. हा लाफारो मला खरा वाटतो.

रसिक : तो संच मलाही प्रिय आहे. पण तो निघाला कशामुळे? त्या दोन एलपींनी चव्वेचाळीस वर्षं माणसांना वेड लावलं म्हणून. श्रद्धांजली झाली नसती तर उरलेल्या टेपा कुणी जपल्या असत्या? तुमचा ‘खरा’ लाफारो त्या ‘रचलेल्या’ लाफारोच्या खांद्यावर बसून आपल्यापर्यंत आलाय.

न जपल्याचं फळ काय असतं ते मुंबईकडे पाहून कळतं. ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये १९३० च्या दशकापासून जॅझ वाजत होतं. लिऑन ॲबी आला, टेडी वेदरफोर्ड आला, आणि त्यांच्या मागून गोव्याच्या वादकांची सबंध पिढी उभी राहिली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, रात्री ताजमध्ये ट्रंपेट वाजवायचा आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे त्याचा वाद्यवृंद आहे, तो पडद्यावरही दिसतो. हे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, त्या ट्रंपेटवर काय बांधत होते ते आजही ऐकता येतं. पण बॉलरूममध्ये रात्री अकरानंतर, नाचणाऱ्या जोड्या पांगल्यावर, चिक एखादी धून दहा मिनिटं कशी खेळवत असेल? तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, चित्रपटगीतं आहेत. ती दहा मिनिटं नाहीत. तिथे कुणी एका रविवारी यंत्र नेऊन ठेवलं असतं, पुढे कितीही पक्षपाती निवड केली असती, वेष्टनावर कसलाही भावुक मजकूर छापला असता, तरी मी ती तबकडी डोक्यावर घेतली असती. तुम्ही कात्रीविषयी बोलता. मला यंत्रच आलं नाही याचं दुःख आहे.

साशंक : हे माझ्या वर्मी लागलं, आणि त्याच दुःखातून मला पुढचं दिसतंय. एक रात्र वाचली की ती बाकीच्या सगळ्या रात्रींची जागा घेते. हे त्रिकूट व्हॅनगार्डमध्ये दोन आठवडे वाजवत होतं. २५ जून हा त्या मुक्कामाचा शेवटचा दिवस. दुपार धरून पाच सत्रं मिळतात म्हणून रविवार निवडला. त्या आधीच्या एखाद्या गुरुवारी हे तिघं याहून भन्नाट वाजले नसतील असं कशावरून? आपण ती शंका घेतच नाही, कारण ऐकायला दुसरं काही नाही. चिकच्या बाबतीत निदान आपल्याला हरवल्याची जाणीव आहे. व्हॅनगार्डच्या बाबतीत सगळं मिळालं असं आपण समजतो.

रसिक : मग एक सरळ प्रश्न विचारतो. आता अशी संगणकीय साधनं आहेत की जुन्या दोन ट्रॅकच्या टेपेतूनही आवाज वेगळे काढता येतात, पियानो एका बाजूला, बास एका बाजूला, माणसांची बोलणी तिसरीकडे. गोंगाट ही धूळ आहे असं तुम्ही म्हणालात. उद्या कुणी ती झाडून लख्ख प्रत काढली तर तुम्हाला चालेल?

साशंक : नाही. आणि का नाही, ते हे सगळं बोलता बोलताच मला कळत गेलं. तुकडे कीपन्यूजनं आणि एव्हान्सनं निवडले. क्रम त्यांनी लावला. ऐकताना दुःख आपण घालतो. त्या सबंध तबकडीवर कुणीही न निवडलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ती बोलणारी माणसं. लाफारो मरणार हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांच्या आवाजात ते कुठेच नाही. त्यांना पुसलंत तर उरेल ते सगळं स्मारक. मला त्या तबकडीवर विश्वास ठेवायला जे थोडंफार कारण आहे, ते तेवढंच आहे.

रसिक : मला मात्र ती लख्ख प्रत एकदा ऐकायची आहे. इतका वेळ मी त्या गोंगाटाची बाजू घेतली, तरीही. ‘पोर्गी’मध्ये गप्पांच्या खाली लाफारो काहीतरी करतोय, फार खालच्या आवाजात, आणि ते मला आजवर नीट ऐकू आलेलं नाही. त्या टेबलावरच्या माणसांचा त्या रात्रीवर हक्क होता, मान्य. पण बासवर जे वाजलं त्याच्यावर हक्क कुणाचा? ते एव्हान्ससाठी वाजलं होतं, दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी. लाफारो गेल्यावर तो माणूस कित्येक महिने पियानोवर लोकांसमोर बसला नाही. त्यानं जे ऐकलं, ते टेबलांवर पोचलं नाही आणि टेपवरही पुरतं उतरलं नाही.

साशंक : म्हणजे तुम्हाला त्या खोलीत टेबलावर जागा नकोच आहे. एव्हान्सच्या स्टुलावर हवी आहे.

रसिक : हो. आणि ती मागण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असतो की नाही, हे तुम्हीही अजून सांगितलेलं नाही.